दादासाठी पुढची कोणती

२ फेब्रु., रवि.
गव्हाची बिअर बिघडली. ड्रमचं झाकण काढलं तर वर बुरशीची साय आन् वास सडक्या कांद्याचा. ओकारीच आली. वीस लिटर बिअर गोठ्यामागं ओतली. चूक माझीच, नळी नीट धुतली न्हाई. बिअर कंपनीच्या लॅबमधी शिफ्टभर दुसऱ्यांच्या बाटल्या तपासायच्या आन् घरी ही घाण. दादाशी दिवाळीपास्नं ठरलंय, देशी बंद, मी घरी काढीन तेवढीच प्यायची. दर खेपेला थोडी हलकी. अल्कोहोल आठ टक्क्यांवरनं पाचावर आणलं होतं. आता त्याला द्यायला काय न्हाई. गुत्ता हायच.

५ फेब्रु.
तीन दिवस देशी. आज झेंडू तोडायला बायका आल्या तर हा बांधावर आडवा, तोंडावर माश्या. उचलायला गेलो तर माझ्याच शर्टावर उलटी. आंघोळ दोनदा केली तरी वास जाईना. सख्ख्या भावाची किळस येते. लिहिलं तेच बरं, कुणाला बोलून दाखवता येत न्हाई.
पुढची काळी करावी. भाजलेल्या जवाची, कडवट, घोट घोटच प्यावी लागते. साडेचार टक्के.

९ फेब्रु., रवि.
काळी लावली. जव भाजल्याचा वास घरभर. वहिनी दारात येऊन, "भाऊजी, कॉफी करताय का काय?" हसली. लई दिवसांनी हसली. चोथा गाईनं आवडीनं खाल्ला. ड्रमला ओलं पोतं गुंडाळलंय, दुपारी खोली तापते.

२ मार्च, रवि.
काळी जमली. फेस घट्ट, चव झकास, शिरूरात अशी कुणी पाजणार न्हाई. दादा म्हणला, "काढा हाय का ह्यो? किक न्हाई." तरी चार बाटल्या संपवल्या. मग मी बाटल्या धुवायला घेतल्या तर बुडाला देशीचा भपका. वरनं ओतून पितोय हरामखोर. मी टक्के मोजत बसलोय आन् हा...

४ मार्च
दादाला विचारलं. तोंड वर करून म्हणतो, "ओततो. मग?"
"तुझ्यासाठी करतोय रं हे सगळं."
"माझ्यासाठी? वहीत चवी तर तूच लिवतो."
बिअरच्या नोंदींची वही काढून बघितली. फेस, रंग, वास, बावीस पानं. दादा किती दिवस देशीशिवाय राहिला, त्याची एक ओळ न्हाई. लाज वाटली. त्याची जेवढी किळस येते तेवढीच माझी आली.

८ मार्च
पुढची ठरेना. लागर बिअरला आंबताना थंडी लागते, आन् फ्रीज दुधानं भरलेला. तीन टक्क्यांची पेल एल, म्हंजी फिकी पिवळी, केली तर तो परत वरनं ओतणार. मग मनात आलं, नऊ टक्क्यांचीच काढावी, म्हंजी ओतायची गरज पडणार न्हाई. असलं डोक्यात आलं कसं. थू.

९ मार्च, रवि.
पेल एलच्या धान्याचा हिशेब मांडत होतो. आरू, दादाची लेक, तिसरीत हाय, शेजारी येऊन बसली.
"काका, आता कंची?"
म्हटलं, ठरवतोय.
"काळी नका करू. काळी पिल्यावर पप्पा मम्मीला मारतात. पिवळी करा, ती पिऊन नुसते झोपतात."
मी सेकंड शिफ्टला असतो तवाचं हे. मला कुणी बोललंच न्हाई. पोरीला विचारलं, आणखी कंच्या माहीत हायेत तुला? तिनं बोटांवर मोजून सांगितल्या. कंची पिल्यावर पप्पा काय करतात ते पण.

१० मार्च
कामावर गेलो न्हाई. वहिनीला विचारलं, खरं का?  भांडी घासता घासता ती म्हणली, "खरं हाय. पर तुम्ही बंद केली तर ते परत गुत्त्यावर जातील. तिथनं आल्यावर काय करायचे, ते इचारलं का कवा?"
विचारलं नव्हतं.
दादा फुलं घेऊन मार्केटला गेलाय, संध्याकाळी येईल. पातेल्यात बिअरचं पाणी तापलंय. आरू शाळेत जाताना सांगून गेली, काका, पिवळीच. धान्याची पिशवी फोडलेली न्हाई अजून. गॅस बारीक केलाय, बंद न्हाई केला.