देवदिवाळी, पलीकडच्या रेतीवरून

ब्रह्मा घाट, वाराणसी
८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शरदिनीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू लाडात आलीस की माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही, म्हणून मुद्दाम पत्र. यंदा देवदिवाळीला तुझी सोसायटीची मंडळी घेऊन येऊ नकोस. लिहिलं बाई एकदाचं!

नवरात्रात चक्कर येऊन मी गॅसपाशीच खाली बसले. डॉक्टर म्हणाले, बीपी फार वाढलंय, सणाची दगदग बंद. तुझ्या दादांनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन युनिव्हर्सिटीतल्या मित्रांना सहकुटुंब निमंत्रण देऊन टाकलं. भोळा सांब! आपलं छत घाटावर, त्यामुळे दिवे बघायला सगळ्यांना आपलंच घर आठवतं. कार्तिकी पौर्णिमेला सकाळपासून कचोऱ्या, चूडा-मटर, चहा, पुन्हा चहा. वर तुमची वाहवा चालते तेव्हा मी खाली तळत असते. लग्न होऊन आल्यापासून देवदिवाळी मी धड पाहिलेलीच नाही, आणि आता हौसही उरली नाही. नुसती शांत झोप हवी आहे.

तुझ्या निमिषचं कॉलेज कसं चाललंय ते कळव. तुझा माझ्यावर लोभ आहे, तो या पत्रानं आटू देऊ नकोस.

तुझी,
पद्मावहिनी


पुणे
१६ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागच आला. माझं माहेर, आणि मलाच येऊ नको म्हणतेस! मग पुन्हा वाचलं, आणि तू दिवे पाहिलेच नाहीस या वाक्यावर अडकून बसले. माझ्या अख्ख्या सोसायटीनं पाहिले की ग ते.

मंडळींना सांगून टाकलं, वाराणसीत हॉटेलं पुष्कळ आहेत. दादालाही फोनवर फैलावर घेतलंय. मी मात्र येणार, एकटी, आणि त्या संध्याकाळी ओटा माझा. जे उगवतील त्यांना चहा-बिस्किटं मिळतील, वर कोणी तोंड वाकडं केलं तर माझ्याशी गाठ आहे. तू दादाबरोबर नावेनं पलीकडे रेतीवर जायचंस. कुरकुर चालणार नाही.

गोळ्या वेळेवर घे. तुझ्यावर हक्क आहे म्हणून दरडावते, तो तसाच राहू दे.

तुझी,
शरदिनी


ब्रह्मा घाट, वाराणसी
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शरदिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. त्या दिवशी मी रेतीवरून परत आल्यावर तू विचारलंस, कसं होतं, आणि मी काही न बोलता जाऊन झोपले. तुला वाटलं असेल, बाई रुसली. रुसले नव्हते ग, बोलताच येईना.

नावेत बसले तरी निम्मं चित्त घरी. तुला साखर सापडली नसेल, दूध उतू गेलं असेल, अशी भुणभुण ह्यांच्यामागे लावली होती. शेवटी ते म्हणाले, अगं, मागे वळून तर बघ. वळले, आणि शरदिनी, काय सांगू! डोळे पोचतील तिथपर्यंत पायरी न् पायरी पेटलेली, आणि तेवढेच दिवे खाली गंगेत. इतकी वर्षं मी ज्याच्या काठावर राहिले, ते एवढं मोठं आहे? रेतीवर उतरले. तशीच खाली बसले आणि हात जोडले, कोणाला ते काही ठरवलं नव्हतं. रडू आलं. हे बिचारे घाबरले, गोळी घेतली का विचारत राहिले.

मग ह्यांनी बोटानं आपलं घर दाखवायला घेतलं, तर त्यांनाच सापडेना. ब्रह्मा घाट कुठला तेच कळत नव्हतं. एवढ्या उजेडात आपलं घर आणि घरातली मी, केवढीशी! भीती वाटायला हवी होती, पण उलट छातीवरचं ओझं उतरलं. काल डॉक्टरांनी बीपी तपासलं, तर चक्क उतरलेलं; त्यांनीच दोनदा खात्री करून घेतली.

पुढच्या वर्षी तुझी सोसायटी खुशाल आण. फक्त सगळ्यांना सरळ रेतीवरच यायला सांग. देवदिवाळीला आमच्या घराला कुलूप असेल.

लोभ होताच, आता दुप्पट झालाय.

तुझी,
पद्मावहिनी