पाच पेल्यांची गोडी

च्याई, ९ मार्च २००३

चि. मेई-श्यास अनेक आशीर्वाद.

कापराच्या लाकडाची चौकट, तिच्यात बसणारे पाच पेले, प्रत्येकावर कानशीने ओढलेली रेघ, पाकाच्या पाच बाटल्या. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. 'बेअरली', 'स्लाइटली', 'अ लिटल' असे थोडंसं सांगणारे इंग्रजी शब्द पाठ करून येत नाहीत, जिभेवर यावे लागतात: एका शब्दाला एक पेला, पाकाची गोडी त्या शब्दाएवढीच. चहाच्या दुकानात रोज 'किंचित साखर, जरासा बर्फ' मागणाऱ्या आपल्या पोरांना ते घोटासरशी कळतात. चाखायला पहिली तूच बसली होतीस.

परवा ताइचुंगला तुझ्या यजमानांच्या नव्या शिकवणीवर्गाला मी फुलांची उंच परडी पाठवली, रिवाजाप्रमाणे लाल फितीवर नाव घालून. आत आलो तर टेबलावर माझीच चौकट, प्लॅस्टिकची. भिंतीवर पाटी: 'संस्थापक वन-पिन यांची स्वतःची पद्धत'. त्या अख्ख्या इमारतीत माझं नाव फक्त दारातल्या फुलांवर. आणि तू मला विचारलंस, दादा, चहा कसा झालाय?

पाटीवर माझं नाव लागेल का, एवढंच कळव.

तुझा,
छिंग-युआन

ताइचुंग, १६ मार्च

ती. दादास सा. न.

तुझ्या रागाला मी लहानपणापासून ओळखते. आधी खोकला कसा आहे ते लिहायचं, मग भांडायचं! चौकटीचं चित्र मीच काढून दिलं. पाकाची मापंही मीच सांगितली. वर्ग चालेना, हे रोज तोंड पाडून बसायचे. ते म्हणतात, घेतली ती जराशी कल्पना. पेले काय, बाजारात मिळतात. पाटी आता बदलता येत नाही, पालकांत हसं होईल.

आणि खरं सांगू? तुझ्याकडे ती चौकट धूळच खात होती. कोणी विचारलं होतं का कधी? एवढ्याशासाठी बहीण तोडशील? छिंगमिंगला थडगी झाडायला सगळे जातातच, आईच्या थडग्यापाशी भेटू. तुझ्या आवडीचे चिकट भाताचे गोळे आणते. लोभ होता तसाच असू दे.

तुझी,
मेई-श्या

च्याई, २१ मार्च

चि. मेई-श्यास आशीर्वाद.

खोकला बरा आहे. छिंगमिंगला येईन, आईसाठी. गोळे आणू नकोस.

'जराशी' म्हणतेस. नुसत्या जराशीने माझं भागत नाही, कोणती ते विचारायची सवय आहे. वन-पिनवर मी स्लाइटली रागावलोय. तो परका, त्याला सापडलं ते त्याने उचललं. तुझ्यावर रागावता आलं असतं तर बरं होतं. तुझ्यावरचा विश्वास आता बेअरली आहे, पेला उपडा केल्यावर तळाशी ओल राहते तेवढा. माझा लोभ त्यात मावेल तेवढाच समज.

छिंग-युआन

ता. क. कोणी विचारलं होतं का, म्हणतेस. गेल्या शरदात तैपेईच्या एका मोठ्या वर्गाचे मालक घरी आले होते. त्यांची बोली अशी: चौकट आणि मापं त्यांची, पाटीवर नाव माझं. मी नको म्हटलं. सांगितलं, धाकट्या बहिणीच्या घरात हाच धंदा आहे, तिलाच देणार आहे. ते बारा लाख तैवानी डॉलर देत होते.