ही कशाने गेली?

४ ऑगस्ट
डीनसाहेबांचं फर्मान! यापुढे विषय नाहीत, अवयव. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजी वेगवेगळी शिकवायची नाहीत. मूत्रपिंड घ्यायचं आणि तिघांनी मिळून शिकवायचं. महिनाभर करून बघा, मग मतदान. पद्धत राहिली तर तिन्ही विभाग एक — म्हणजे माझा अ‍ॅनाटॉमी विभाग बंद, माझी खुर्चीही गेली. आवळ्याभोपळ्याची मोट नुसती! माझं मत ठरलेलं आहे.

७ ऑगस्ट
बायको म्हणाली, "मूत्रपिंड काम काय करतं, हे तुम्ही शिकवत नाही?" नाही. ते फिजिऑलॉजीच्या बाई शिकवतात. "आणि बिघडलं तर?" ते पॅथॉलॉजीवाले. "मग तुम्ही काय सांगता?" — कुठे असतं ते. हसत सुटली. मला राग आला.

१२ ऑगस्ट
बाईंच्या तासाला मागे जाऊन बसलो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून, पण कधी डोकावलो नव्हतो. मूत्रपिंड रक्तदाबही सांभाळतं, हे त्यांनी असं काही रंगवलं की मी टिपणं काढू लागलो. पोरं टकामका बघत होती. बघू देत.

१९ ऑगस्ट
डिसेक्शन हॉल. टेबलावर एका म्हातारीचा देह. मूत्रपिंड दाखवलं — लहान, खडबडीत. "असतं कधीकधी असं," म्हणून पुढे निघालो. एका मुलीने विचारलं, "सर, ही कशाने गेली?"

आम्ही नसा दाखवतो, नावं घोकून घेतो. माणूस कशाने गेलं, हे आमच्या विषयात येतच नाही!

पॅथॉलॉजीवाल्यांना बोलावलं. त्यांनी मूत्रपिंड हातात घेतलं. "जुना रक्तदाब. औषध घेतलेलं दिसत नाही." त्यांच्यामागून आलेल्या बाई म्हणाल्या, "मग हृदय बघा." उघडलं — डावा कप्पा जाडजूड, वाढल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून. तास संपला तरी पोरं हलेनात. मीही हललो नाही.

२० ऑगस्ट
आज बाकीची टेबलंही पालथी घातली. ही कशाने, तो कशाने? पॅथॉलॉजीवाले वैतागले — "अहो, जेवू तरी द्या!"

२७ ऑगस्ट
पण हाताच्या नसा कुठल्या अवयवात बसवणार? त्या कोण शिकवणार? बाईंना विचारलं. "तुम्हीच. आम्ही मागे बसू." खुर्चीचं वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू.

२ सप्टेंबर
मतदान झालं. एका मताने माझा विभाग बंद. ते मत माझं.