साराची गाडी

स्टुटगार्ट, ऑक्टोबर २०११

प्रिय डाउवे,

आणि वर मलाच विचारतोस, तू कोण सांगणारा? मी कोण ते तुला चांगलं ठाऊक आहे. परवा ‘ज्याला शाळा झेपली नाही त्याने मला धंदा शिकवू नये’ असं म्हणून तू फोन आपटलास. आता पत्र आपटून दाखव. फाडलंस तरी हिल्त्ये तुकडे जुळवून वाचेल. नवऱ्याला कोणी चार शब्द सुनावले की वहिनीचा दिवस चांगला जातो, हे मला माहीत आहे.

दुकानाच्या काचेवर ती पाटी अजून आहे म्हणे, ‘इथे पायाने चालणाऱ्या सायकली मिळतात’, म्हणजे विजेच्या नाहीत. तीही बाबांच्या नावाखाली, जणू मरताना तेच सांगून गेले. अरे, बाबांनी गावात पहिल्यांदा तीन गिअरची सायकल आणली तेव्हा याच गावाने त्यांना हसून घेतलं होतं. आळशांची चैन, म्हणत होते. कॅफेवाला ताम्मे तर म्हणाला, ‘आता सीटवर उशी आणि हँडलवर कॉफीची किटली पण बसव!’ बाबांनी वारा सुटायची वाट पाहिली. मार्चमध्ये समुद्राकडून वारा सुटला आणि तोच ताम्मे टोपी हातात धरून दुकानात आला. हे तूच मला सांगितलंयस. मी तेव्हा पाळण्यात होतो.

तुला बाबांचं दुकान मिळालं, डोकं नाही मिळालं. आई पन्नासची झाली तेव्हाचं आठव. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे दारात सारा आणून बसवली. गवत भरलेली म्हातारी, डोक्याला रुमाल, नाकावर चष्मा, मांडीवर विणकाम. इथवर ठीक. पन्नाशीला प्रत्येकीच्या दारात ती बसते, आईसुद्धा हसली. पण तुला तेवढ्यावर राहवेना. कंपनीने नमुना म्हणून पाठवलेली विजेची सायकल मागे धूळ खात होती. तू तिच्यावर साराला तारेने आवळून बांधलंस आणि आठवडाभर काचेत ठेवलंस. गाव लोटलं बघायला. आपल्याच घरात आपलाच केक खात लोक आईला म्हणत होते, ‘औक्ये, तुझी गाडी आली गं! आता चपला झिजायच्या नाहीत!’ तेव्हापासून त्या सायकलीचं नाव पडलं साराची गाडी, आणि आपल्या गावात एकही खपली नाही. कालव्यापलीकडच्या गावात मास्तरीण चालवते, गवंडी चालवतो, पुढेमागे पोरं बसवून बायका चालवतात. आपल्याकडे ऐंशीचा म्हातारा वाऱ्यात धापा टाकत म्हणतो, ‘मी काय सारा आहे?’ सायकलवाल्याने स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक हाकललं. असा शहाणा शोधून सापडायचा नाही.

मी इथे काय करतो ते तू कधी विचारलं नाहीस. ‘जर्मनांच्या बॅटऱ्या पुसतो’ असं गावभर सांगतोस, ते माझ्या कानावर आलंय. तर ऐक. आमची मालकीण रेनाटे साठीची आहे आणि तोंडाने तुझ्याहून फाटकी आहे. दर गुरुवारी ती आमच्या विजेच्या सायकलींच्या कारखान्यात माणसं बोलावते. सायकलशौकीन नव्हेत, त्यांना ती फाटकाच्या आत घेत नाही. म्हणते, ‘ते कशावरही बसतील, त्यांना काय विचारायचं!’ बोलावते न बसणाऱ्यांना. दाई, न्हावी, पाववाल्याची बायको. आलूबुखाऱ्याचा केक पुढे ठेवते आणि म्हणते, हाणा आता, आमच्या सायकलीत काय वाईट आहे ते सांगा. मग ते हाणतात आणि मी उभं राहून शिव्या खातो. एक बाई म्हणाली, ‘ही बॅटरी घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर चढू? त्यापेक्षा नवऱ्याला खांद्यावर घेईन, तो निदान आभार तरी मानेल.’ एकजण म्हणाला, एवढी बटणं कशाला, मला सायकल चालवायचीय, विमान नाही. सुरू होताना हिसका बसतो म्हणून एक बाई रडली होती. गेल्या वर्षी तशीच पडली होती ती, तेव्हापासून सायकल सोडली. आणि जवळजवळ सगळे एकच बोलतात, दिसायला दवाखान्यातल्या खाटेसारखी आहे. हिच्यावर बसलं की लोक विचारतात, काय झालं तुम्हाला?

त्या शिव्यांवर आमचं पोट आहे. बॅटरी एका हाताने निघाली पाहिजे, बाजाराच्या पिशवीसारखी. बटण एकच. पायाने जेवढा जोर लावशील त्याला मागून हात, पोराला सायकल शिकवताना बाप लावतो तेवढा, जास्त नाही. वाटेत बॅटरी संपली तरी ओढत न्यायची वेळ येऊ नये, ती साधी सायकल म्हणून चालली पाहिजे. हे सगळं जमवताना मी काय काय मोडलंय ते रेनाटेला विचार. पहिल्यांदा हिसका काढायला गेलो तर सायकल चढावर मध्येच रुसून बसायला लागली. ‘गाढवा, हे खेचर केलंस तू!’ असं ती सगळ्यांसमोर ओरडली. पण तिने मला हाकललं नाही. तिथेच उभं करून पुन्हा करायला लावलं. घरच्यांनी कधी असं केलं असतं तर मी इतक्या लांब आलो नसतो, ते असो.

आता आईचं. तू म्हणतोस, तिचं वय झालं, गुडघा दुखतो, म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊन त्यांचं करणं सोडून बसावं घरी. मला ती फोनवर सांगते, ‘वारा काय रे, असतोच.’ पण शेवटच्या वस्तीवरच्या ऊनेने मला फोन केला होता. त्याने तिला रस्त्यात पाहिलं. सायकलवर नव्हती. वाऱ्याच्या तोंडावर सायकल ढकलत चालत येत होती, आणि मध्येच विजेच्या खोक्याच्या आडोशाला बसली होती. ऊनेची आई, पाय सुजू नयेत म्हणून घालायचे घट्ट मोजे चढवायला, तिची वाट बघत होती. आई पोचली तेव्हा दुपार झाली होती आणि म्हातारीचे पाय सुजून टम्म झाले होते. यावर तिच्या ऑफिसने सांगितलंय, नव्या वर्षापासून लांबच्या वस्त्या मोटार चालवणाऱ्या कुणाला तरी देणार. आई मोटार शिकली नाही आणि आता शिकणारही नाही. त्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, मोजे चढवणं, कोणाचा मुलगा येत नाही ते ऐकून घेणं, एवढं काढून घेतलं तर तिच्याकडे उरतं काय? तुझ्या काचा पुसणं? तुला हे दिसत नाही असं नाही. रिकामी सायकल ढकलत ती रोज तुझ्या दुकानावरूनच जाते.

मी तिला म्हटलं, आई, विजेची घे. ती म्हणाली, ‘वीबे, मी त्या काचेतली म्हातारी नाही रे.’ तुझ्या त्या आठवड्याची किंमत ही अशी.

म्हणून हे पत्र. भांडायचंच असतं तर फोन काही महाग नाही. शुक्रवारी ट्रकने तुझ्या नावावर एक सायकल येईल. हिरवी आहे, कमी उंचीची, खाटेसारखी दिसत नाही. मी आईला दिली तर ती घेणार नाही, ते मला कळलंय. खूप गळ घातली तेव्हा हसून म्हणाली, ‘डाउवे बाजारातून तिच्यावर बसून गेला, तर मी बसेन.’ हसली कशाला, तर तू जन्मात जाणार नाहीस याची तिला खात्री आहे. तर शनिवारी, मासेवाल्याची गाडी लागलेली असताना, भर गर्दीत तू तिच्यावर बस. टोपी खाली ओढायची नाही, तोंड दिसलं पाहिजे. ताम्मेच्या कॅफेवरून जा, बांधावरच्या रस्त्यावर चढ, वाऱ्याच्या तोंडावर ऊनेच्या वस्तीपर्यंत जाऊन ये. कोणीतरी ‘साराऽऽ!’ म्हणून ओरडेल. ओरडू दे, घंटी वाजव आणि पुढे जा. मग ती आईच्या भिंतीला टेकवून ठेव आणि एक शब्द न बोलता घरी जा. परवा फोन आपटायच्या आधी तू काय ओरडलास ते माझ्या कानात अजून वाजतंय, ‘कोणी पैसे दिले तरी मी त्या गाडीवर बसणार नाही!’ बघू या. दिले. पाचशे युरो, याच पाकिटात.

तुझाच,
वीबे