घुम्याची तिसरी जागा

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विद्यापीठातल्या पोरांना समाजसेवेसाठी जागा शोधून शोधून तुझी भाची अर्धी झाली आहे. तू चालवतेस त्या वृद्धाश्रमात एक मुलगा पाठवते आहे. वर्गात त्याला घुम्या म्हणतात; दिवसाला चार शब्द बोलला तरी पुष्कळ. वाचनालयाने आणि दवाखान्याने याच कारणासाठी त्याला परत पाठवला. तुझ्याकडूनही परत आला तर त्याची पदवी अडकेल. पोर गुणी आहे गं.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
चिऊ

१९ जानेवारी

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घुम्याने धमाल उडवली! पहिल्या दिवशी तो कुणालाच उत्तर देईना, तेव्हा आमच्या मंडळींनी ठरवूनच टाकलं की पोराला ऐकू येत नाही. इथे निम्म्यांना कानाचं मशीन, त्यामुळे कळवळा दांडगा. शिंपीकाकांनी आपलं जुनं मशीन त्याच्या कानात बसवलं. भिडेपोटी त्याला नाही म्हणवेना. मशीननेही फरक पडेना, म्हणून पोर ठार बहिरं ठरलं. मग काय, त्याच्यादेखत सगळे बिनधास्त बोलू लागले. माझ्या नकलासुद्धा झाल्या म्हणे!

काल पत्ते खेळताना शिंपीकाका आणि पोस्टमास्तर खोकून एकमेकांना पानं सांगत होते. घुम्या एकदम म्हणाला, ही लबाडी आहे. याच्यापुढे आपण काय काय बोललो ते प्रत्येकाला आठवलं. सगळे भडकले, याला परत पाठवा म्हणाले.

मी त्याला ऑफिसात नेऊन विचारलं, हे लोक माझ्याबद्दल काय बोलतात. दरडावलं, चहा पाजला, लाडीगोडी लावली. पठ्ठ्याने कुणाचं काही सांगितलं नाही. मंडळी दाराला कान लावून उभीच होती. शिंपीकाका आत घुसले आणि त्यांनी पोराला मिठी मारली. आता तो कुणाचा भिडू, यावरून भांडणं चालू आहेत.

प्रकृतीला जप, आणि या म्हातारीला विसरू नकोस.

आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घुम्या पास झाला! आता सेवेची सक्ती उरली नाही, तरी दर रविवारी तुझ्याकडे येणार म्हणतो. हे सांगायला माझ्या टेबलाशी आला आणि अर्धा तास बोलत राहिला: कोण कसं हसतं, हरल्यावर कोण कसं रुसतं. मला इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले. तो गेल्यावर लक्षात आलं, मी त्याचं अभिनंदनही केलं नाही. त्याने मला बोलूच दिलं नाही गं!

माया अशीच राहू दे.

तुझी,
चिऊ