सोजरचा टाक

तेरखेडा,
जून १९८५

प्रिय जगदेवी,

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पोस्टानं पाठवलेली माझी पत्रं तुझ्या घरात आधी कोण फोडतं आणि मग चुलीत कोण घालतं, हे कळायला मला वेळ लागला, पण कळलं. म्हणून या खेपेला इरम्मा कासारणीच्या टोपलीत, हिरव्या बांगड्यांच्या खाली घालून पाठवते आहे. बांगड्या भरायला तुझा हात धरील तेव्हा ती कागद तुझ्या पदरात सारील. सासूबाई समोर असल्या तर लगेच उघडू नकोस. परसात जा, दात घासायचं निमित्त कर, काही कर, पण सगळं वाच. आणि मधलं सिनेमाचं बोलणं गाळून शेवटाकडं उडी मारू नकोस. तुझी ती खोड मला चांगली ठाऊक आहे.

तर बातमी अशी, की आपल्या टाकाच्या कादंबरीचा शेवट मला सापडला. कोणती कादंबरी म्हणून विचारलंस तर बोलणार नाही तुझ्याशी. दुष्काळाच्या सालात शेतात काम नव्हतं, म्हणून आपल्या दोघींच्या घरी फटाक्यांच्या नळ्या वळायचं काम आलं होतं. बार्शीहून रद्दीची पोती यायची. त्यात पोरांच्या वह्या, जुनी वर्तमानपत्रं, आणि नशीब उघडलं तर रहस्यकथा आणि भुताखेतांच्या कादंबऱ्या, फाटक्या, बिनपुठ्ठ्याच्या. त्यांची नळी व्हायच्या आत आपण त्या वाचून काढायच्या. तुझा आवाज चांगला म्हणून तू वाचायचीस, माझे हात चपळ म्हणून मी तुझ्या वाट्याच्याही नळ्या वळायची. रंगात आलेलं पान खळ लावायला कुणी उचललं की तू वाघिणीसारखी अंगावर जायचीस. तुझी आई म्हणायची, या पोरी रद्दी वाचून वाचून एक दिवस रद्दीत जातील.

त्या सगळ्यांत आपल्याला झपाटलं ते टाकाच्या कादंबरीनं. तिचं नाव काय, लिहिली कुणी, आपल्याला कधी कळलंच नाही. बिजवराला दिलेली नवी नवरी. तिच्या गळ्यात रीतीप्रमाणं मेलेल्या सवतीचा टाक, चांदीच्या इवल्याशा पत्र्यावर उठवलेली बाई. घरामागं विहीर. नवरी दिवा घेऊन विहिरीकडं निघाली की वारा नसताना दिवा विझायचा. जिन्यावर मागून कुणी ढकलायचं. सकाळी अंगावर वळ दिसायचे. आणि शेवटी ती विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागते, तिथंच पानं संपली. पुढची कुणाच्या तरी पोत्यात गेली, त्यांच्या नळ्या झाल्या आणि कुठल्यातरी गावच्या दिवाळीत फुटल्या. आपण भांडून भांडून दोन शेवट केले. तुझा असा, की नवरी टाकाला दर अमावास्येला दूध घालते, सवतीच्या नावानं सवाष्ण जेवू घालते आणि सवत मोकळी होऊन निघून जाते. माझा असा, की नवरी टाक विहिरीत फेकून देते आणि सवत आपली चीज घेऊन गप बसते. आमच्या घरात आबांनी दीक्षा घेतल्यापासून देव्हारा नाही, भूतही नाही. पण कादंबरीतलं भूत मला चालायचं. दुपारी ऐकलेलं ते भूत दिवेलागणीला माझ्या मागं मागं यायचं, आणि मी आबांना सांगायची नाही.

पुढं तुझं लग्न ठरलं. मुरुमकडं काळी जमीन, हुंडा नको, फक्त बिजवर. तुझ्या पाठीवर दोघी बहिणी, तुझे अण्णा जास्त काय विचारणार? अक्षता पडल्या आणि तुझ्या सासूनं काळ्या पोतीखाली टाक बांधला. तू माझ्याकडं बघून डोळे मोठे केलेस. गाडीत बसताना कानात म्हणालीस, भिमे, ही तर आपली कादंबरी. आपण दोघी हसलो, आठवतं? टाकावरची सोजर, माकणीची लेक, विहिरीत बुडून गेली, एवढंच तुमच्या घरी सांगितलं होतं.

सुरुवातीला तुझी पत्रं यायची. नवीन काय वाचलंस, टॉकीजला काय लागलंय, नटीनं साडी कशी नेसली होती, सगळं विचारायचीस, आणि तळाशी दोन ओळी सोजरच्या. सोजरनं जिन्यावर ढकललं. सोजरनं उकळता चहा हातावर सांडला. झोपेतून उठले तर दंडावर बोटं उठलेली, सासूबाई म्हणतात सोजरचाच जाच आहे. कादंबरीला तू दिलेला शेवट खरा करून बघते आहेस, असंही एकदा लिहिलंस. टाकाला दूध घातलं, सवाष्ण जेवली, तरी सोजर ऐकत नाही. मग लिहिलंस की अमावास्येला तुला कुठल्या बाबाकडं नेतात आणि तो कडुलिंबाच्या फोकानं झोडतो. ते वाचून मी तणतणत चार पानं लिहिली. त्यानंतर तुझं एकही पत्र आलं नाही.

या चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेत तू मला दिसलीस. सगळ्या बाया यात्रेच्या रीतीप्रमाणं वाकून देवीसाठी चुन्याचे खडे वेचत होत्या. तू डावा हात पोटाशी धरून एका हातानं वेचत होतीस. मी गर्दीत घुसून जगे, जगे म्हणून हाका मारल्या. तू वर पाहिलंस. सासूबाईंनी विचारलं, कोण गं ती? तू म्हणालीस, "म्या न्हाय वळखत." आणि परत वाकलीस. जगे, मला राग आला नाही. मला भीती वाटली. आयुष्यभर भुतांच्या गोष्टी ऐकल्या, पण जिवंत माणसाचं तोंड बघून अशी भीती मला कधी वाटली नव्हती. मी हल्ली दूध सोसायटीत फॅट बघायच्या कामावर आहे. सकाळी बाया चरव्या घेऊन रांगेत उभ्या राहतात, आणि कुणीही डोक्यावरचा पदर सावरला की मला त्यात तुझंच तोंड दिसतं. सेक्रेटरी दोनदा ओरडले, आकडे चुकतात म्हणून.

वैशाखात इथं व्हिडिओ आला. सोसायटीच्या गोदामाच्या खिडक्यांना पोती लावून भर दुपारी अंधार केला. मी आपली जीव रमेल म्हणून गेले. सुरुवातीच्या नावांत आलं, एका मराठी कादंबरीवरून. तरी मला पत्ता लागला नाही, कारण टाकाचं त्यांनी सोन्याचं लॉकेट केलं आहे, आत फोटो. हिंदीवाल्यांना टाक कसा कळायचा म्हणा. एक बोबडा नोकर घुसडला आहे, तो कादंबरीत औषधालाही नव्हता. नवरी उठसूट गाणं म्हणते, विहिरीचे दगड पुठ्ठ्याचे, आणि सवत पांढऱ्या नायलॉनच्या साडीत. आपली सवत हिरव्या लुगड्यातली होती, ओल्या. तू असतीस तर व्हिडिओवाल्याशी भांडून पैसे परत मागितले असतेस. मी शेजारणीशी टवाळी करत बसले होते. तेवढ्यात नवरी दिवा घेऊन निघाली, वारा नसताना दिवा विझला, आणि माझं तोंड मिटलं.

ती पायऱ्या उतरते जगे. खाली सवत नसते. खाली तिचा नवरा उभा असतो. पहिलीला त्यानंच ढकललेलं असतं. जिन्यावर ढकलणारा तो, दंड आवळणारा तो. सवत फक्त दिवा विझवायची, हिनं विहिरीकडं जाऊ नये म्हणून. एवढी पानं तू वाचलीस, एवढी मी ऐकली, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. आपण सवतीलाच वैरी धरून बसलो होतो. नवऱ्यानं हात पुढं केला आणि त्याच वेळी लाइट गेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बाया ओरडल्या. मी अंधारात बसून रडले, आणि शेजारणीला वाटलं मी भुताला भ्याले. लाइट काही आली नाही, व्हिडिओवाला सामान बांधून निघून गेला. म्हणजे शेवट सापडला म्हणाले ते अर्धंच खरं. ती नवरी वाचली की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून तुझी जुनी पत्रं मी परत परत वाचते आहे. मेलेली बाई कुणाला जिन्यावरून ढकलत नाही, त्याला हात लागतात. आणि हे मी तुला काय सांगायचं, ते हात तुझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. आता मला वाटतं, तू मला सांगतच होतीस. तुझं प्रत्येक पत्र टाकण्याआधी कुणीतरी वाचत होतं, त्यामुळं एकाच माणसाचं नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून तू सोजरचं लिहीत होतीस. चुकत असले तर पत्र फाडून टाक आणि मला वेडी म्हण. तेवढं ऐकायला मला लई बरं वाटेल.

मला राहवेना. रजा टाकली आणि एसटीनं माकणीला गेले. सोजरची आई गिरिजाबाई अजून आहे. एकटी राहते, दोन म्हशी आहेत, धरणाच्या कामावरच्या लोकांना दूध घालते. मी कोण म्हणून सांगायचं? तुमच्या लेकीच्या सवतीची मैत्रीण, असं सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि विचारलं, "टाक हाय का अजून तिच्या गळ्यात?" मग मी तुमच्याकडं सांगितलेली गोष्ट तिला सांगितली, सोजर विहिरीत बुडाली अशी. ती म्हणाली, "दुष्काळाचा चैत होता बाई. त्या इहिरीत चिमणीचं पंख भिजायला पाणी न्हवतं. बाया खाली उतरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. माझी लेक बुडंल कशात?" तिला त्यांनी सांगितलं होतं, उतरताना पाय घसरून पडली. पंच त्यांच्याच गावचे, तेही तेच बोलले. जगे, तुम्हाला एक सांगितलं आणि तिला दुसरं. आणि ऐक, सोजरही अंगावर वळ घेऊन माहेरी यायची. तेव्हा म्हणत, सासऱ्याच्या मेलेल्या बहिणीचा जाच आहे. त्या घरात भूत दर वेळी नवीन असतं. शेवटची आली तेव्हा गिरिजाबाईच्या घरात भाकरीला पीठ नव्हतं, म्हणून तिनं लेकीला समजूत घालून परत धाडलं. हे सांगताना ती रडली नाही. उठून म्हशीपुढं वैरण टाकली.

आता नीट वाच. हे पत्र मी लिहिते आहे ते तिनं लिहायला सांगितलं म्हणून. इरम्मा तिच्याच ओळखीची. येत्या बाजाराला सासूबाई तुला मुरुमला नेतील. इरम्माचं पाल बाजारात असतंच. बांगड्या आवळ झाल्यात, बदलून येते म्हण आणि पालाच्या मागं जा. तिथं गिरिजाबाई बसलेली असेल. मी समोर येणार नाही, तुझ्या सासूनं मला यात्रेत पाहिलं आहे. मी लोहाऱ्याच्या गाडीत तुम्हा दोघींसाठी दोन जागा धरून बसते, तिथून पुढं माकणीला, गिरिजाबाईच्या घरी. बरोबर काही घेऊ नकोस, अंगावरच्या लुगड्यावर ये. अण्णांकडं जायचं मनात आणू नकोस, ते चार दिवस ठेवतील आणि समजूत घालून परत धाडतील. गिरिजाबाई म्हणाली, "एकदा धाडली, आता न्हाय धाडायची. त्या पोरीच्या गळ्यात माझी लेक हाय. दोघी या म्हणावं." ती हे बोलली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, त्या नवरीला वर यायला वाट आहे. आणि एक कर. भेटलीस की काही बोलायच्या आधी पदर बाजूला सार आणि तिला टाक बघू दे. सोजरचा एकही फोटो तिच्याकडं नाही.

वाट बघणारी,
तुझीच
भिमा