निरोगी गटातला दादा

एर्लांगेन, ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि. फोनवर तू ‘मजेत’ एवढंच म्हणतोस, म्हणून हे पत्र. नंदिनीवहिनी आणि छोटी ऊर्जा बऱ्या असतील.

एक काम आहे. माझ्या प्रबंधासाठीच्या अभ्यासात आम्ही नैराश्य असलेल्या आणि निरोगी माणसांच्या झोपेची तुलना करतो. आजारी माणसं येतात, पण चाळिशीतले धडधाकट पुरुष मिळता मिळत नाहीत. तुला तर साधी सर्दीही होत नाही. शनिवारी ये. मुलाखत माझी सहकारी डॉक्टर काट्रीन घेईल. तुझी उत्तरं मला दिसणार नाहीत, तेव्हा लाजू नकोस. वहिनीच्या हातचा चिवडा आण.

लोभ आहेच, चिवड्यासकट वाढू दे.
तुझी ईप्सिता

वोल्फ्सबुर्ग, १९ फेब्रुवारी

चि. ईप्सितास,
अ. आ. काट्रीनबाईंनी मला निरोगी गटात घेतलं, पण ते खरं नाही. तुझं पत्र आल्यावर मी नैराश्य तपासायच्या प्रश्नावल्या नेटवरून काढून चक्क सोडवल्या. परीक्षेआधी बाबा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेत, ती खोड. कुठे ‘कधीच नाही’ म्हणायचं ते पाठ झालं होतं.

खरं असं, की नोव्हेंबरपासून मला धड झोप नाही. रोज सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये अर्धा तास गाडीतच बसून राहतो. ऊर्जाने शाळेत व्हायोलिन वाजवलं. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या, पण आत काहीच वाटलं नाही. त्याची भीती वाटते. नंदिनीला ठाऊक नाही.

माझं नाव काढ. तुझ्या प्रबंधात खोटा आकडा जायला नको. रागावू नकोस, एवढा लोभ ठेव.
तुझा देवदत्तदादा

एर्लांगेन, २२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. तू माघार घेतोस, एवढंच काट्रीनला कळवलं. नाव निघालं. प्रबंध गेला खड्ड्यात. दिवसभर याच आजाराचे आकडे मांडणारी मी, आणि तुलाच धडधाकट म्हणून बोलावलं, याचं फार वाईट वाटतं.

मला लिहिलंस तेच तुमच्या हाउसआर्त्स्टला, नेहमीच्या डॉक्टरांना, सांग. यावर उपचार आहेत, दादा. वहिनीला मी काही बोलणार नाही, ते तू सांगायचंस. पंधरा मार्चला मी येतेच.

तुझ्यावर फार लोभ असलेली,
ईप्सिता

वोल्फ्सबुर्ग, १ मार्च

चि. ईप्सितास,
अ. आ. नंदिनीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी निघालो, तर बाईसाहेब कोट घालून आधीच गाडीत बसलेल्या. पार्किंगमध्ये माझ्याशेजारी पूर्ण अर्धा तास बसली. मग म्हणाली, की आज आत जायचं नाही. मला रडू आलं.

तिथून सरळ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तसल्याच प्रश्नावलीचा कागद पुढे केला. मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचला आणि नंदिनीच्या देखत उत्तर दिलं. तीन प्रश्नांनंतर तिने माझा हात धरला, तो शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडला नाही.

ये लवकर, वाट पाहतो.
दादा